हॉप्स, जहाजं आणि परंपरेची दादागिरी

गेल्या महिन्यात पुण्यात आम्ही पाच-सहा जण एका टॅपरूममधे बसलो होतो, एकाने कोकम घातलेला आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ ही कडवट बिअर, मागवला आणि तिथून जो वाद पेटला तो बिल येईपर्यंत काही विझला नाही. एक मित्र म्हणाला, ह्याला आयपीए म्हणणं म्हणजे अपमान आहे, खरा आयपीए म्हणजे इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या फौजेसाठी बनवलेला, कडू जहर, तगडा, सहा महिने जहाजात टिकणारा. त्यावर एक मैत्रीण उसळली, मग तर तो मुळीच नको, गोऱ्या सोजिरांची तहान भागवायला बनवलेलं पेय आपण चारशे रुपये मोजून कशाला प्यायचं? दोघं तासभर भांडले, दोघांनी आपापली बाजू मनापासून लढवली, आणि दोघंही एकाच खांबाला टेकून भांडत होते हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. तो खांब म्हणजे जहाजाची गोष्ट, आणि ती आतून पोखरलेली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आयपीएची ती गोष्ट बरीचशी चुकीची आहे, ती चुकीची असल्याने फरक पडतो, आणि ‘पारंपरिक’ हा शब्द वापरून नवीन काही करणाऱ्याला गप्प बसवायचं असेल तर ती परंपरा कधी, कोणी आणि कशासाठी तयार केली हे आधी तपासायला हवं. हे फक्त बिअरबद्दल नाही, पण बिअरच्या बाबतीत हा प्रकार इतका उघडा दिसतो की दुसरं उदाहरण घ्यायची गरज पडत नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मेन्यूकार्डावर जहाजाच्या चित्रासकट छापलेली असते. इंग्लंडहून निघालेली बिअर हिंदुस्थानात पोचेपर्यंत नासायची, सैनिक तहानलेले, मग लंडनच्या जॉर्ज हॉजसन नावाच्या हुशार ब्रुअरने जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) आणि जास्त अल्कोहोल घालून नवी बिअर शोधली आणि प्रश्न मिटला. ऐकायला मस्त वाटतं. पण १७८४ च्या कलकत्ता गॅझेटमधे विक्रीची जाहिरात आहे, लंडनची पोर्टर आणि पेल एल म्हणजे फिकट बिअर, दोन्ही शेजारी शेजारी. म्हणजे काळी पोर्टरसुद्धा केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिन्यांचा प्रवास करून विकण्यालायक अवस्थेत पोचत होती. नासत होती तर दुकानदार जाहिरात कशाची देत होता? आणि ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापलेलं आतापर्यंत सगळ्यात आधी सापडलंय ते १८२९ साली, तेही लंडनच्या किंवा मुंबईच्या नाही, सिडनीच्या पेपरात. हॉजसनच्या घराण्याने लंडनजवळच्या बो इथे ब्रुअरी सुरू केली १७५२ च्या सुमारास. त्याने खास हिंदुस्थानासाठी नवी रेसिपी शोधली ह्याचा एकही समकालीन कागद नाही. इंग्लंडमधे मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर ऑक्टोबरात एक हॉप्सवाली फिकट बिअर बनायची आणि ती वर्ष-दोन वर्षं तळघरात मुरवायची, जहाजात चढली ती जवळपास हीच. घरी जे व्हायला दोन वर्षं लागत ते जहाजाच्या पोटातल्या उष्णतेने आणि हिंदकळण्याने काही महिन्यांत झालं, आणि ते पिणाऱ्यांना आवडलं, बस. राहिला तगडेपणा. त्या काळचा आयपीए सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास असायचा, आणि तेव्हाच्या इंग्लंडच्या हिशेबाने ती मध्यम बिअर, त्याहून कितीतरी जड बिअरी तिथे रोज खपत होत्या.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. हॉप्स बिअर टिकवतात हे शंभर टक्के खरं आहे, बिअर आंबट करून नासवणारे काही जीवाणू हॉप्सच्या कडवट रसापुढे तग धरत नाहीत. त्या दिवशी तिथल्या ब्रुअरने मला हॉप्सच्या गोळ्या तळहातावर दिल्या, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या हिरव्या कांड्या, दोन बोटांत चुरडल्या तर बोटं चिकट झाली आणि आधी संत्र्याच्या सालीचा आणि मग ओल्या गवताचा वास आला, जिभेला लावलं तर कारलं परवडलं इतकं कडू, दहा मिनिटं गेलं नाही. ह्या वस्तूत ताकद आहे ह्याबद्दल कोणाला शंका नको. गरम देशांत जाणाऱ्या बिअरमधे हॉप्स जास्त घाला हा सल्लाही ब्रुअर लोकांत १७६० च्या दशकापासून होता. पण नीट बघा, तो सल्ला सगळ्याच बिअरींना होता आणि सगळ्याच गरम देशांसाठी होता. ज्ञान सामाईक होतं, धंद्यातल्या कितीतरी बिननावाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुका करत मिळवलेलं. गोष्टीने ते उचललं आणि एका माणसाच्या खिशात टाकलं.

मग हॉजसनच का मोठा झाला? तर बो हे लंडनच्या पूर्वेला, ली नदीच्या काठी, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागायची ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळ. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी माल नेऊन विकायची मुभा असायची, हॉजसनने त्यांना बिअर वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर दिली. जागा आणि उधारी, एवढीच त्याची जादू. पुढे १८२० च्या सुमारास त्याच्या वारसांना लोभ सुटला, उधारी बंद केली, भाव वाढवले, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला लागले. कंपनीचे लोक चिडले आणि १८२२ मधे कंपनीच्या मार्जोरीबँक्स नावाच्या डायरेक्टरने इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या सॅम्युअल ऑल्सॉप नावाच्या ब्रुअरला सांगितलं की तू अशी बिअर बनवून दे. ऑल्सॉपला तर ती देवानेच पाठवलेली संधी होती, कारण बर्टनवाल्यांचा जुना धंदा रशियाशी, तो आधी नेपोलियनच्या नाकेबंदीने खिळखिळा केला आणि मग १८२२ च्याच रशियन जकातीने झोपवला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, त्यात हॉप्सचा कडूपणा लख्ख उतरतो, आणि थोड्या वर्षांत बर्टनने हॉजसनला मागे टाकलं. म्हणजे ज्या बिअरला आपण हिंदुस्थानच्या उन्हाळ्याची लेक समजतो तिचं नशीब पालटलं ते रशियाच्या झारच्या जकातीने आणि लंडनच्या एका घराण्याच्या हावरटपणाने. ही गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीपेक्षा किती भरलेली आहे! आपण ती का सांगत नाही?

मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सोजिरांची बिअर म्हणून नको, असं ती म्हणाली. साधा सोजीर मुख्यतः अरक ही देशी दारू प्यायचा नाहीतर पोर्टर, फौजेसाठी पिंपंच्या पिंपं पोर्टर मागवली जायची आणि ते एकोणिसाव्या शतकातही बराच काळ चालू होतं. पेल एल महाग, ती साहेबांच्या टेबलावर, अधिकारी आणि व्यापाऱ्यांकडे. आणि ती थंड कोण करायचं? आबदार, म्हणजे पाणी आणि पेयं गार ठेवणारा नोकर. हा शब्द आपल्याला परका नाही, पेशवाईच्या कागदांत आबदारखाना वाचलेला असतो. फ्रिज नव्हता, अमेरिकेहून बर्फाचं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं १८३३ मधे, त्याआधी आबदार पाण्यात सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार, विरघळवायचा. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, त्या पाण्यात बाटली हळूहळू फिरवत बसायचं, सोरा संपला की परत घालायचा, संध्याकाळी ते पाणी आटवून सोरा परत काढायचा. मे महिन्याच्या दुपारी कोणीतरी उकिडवा बसून हे करत होता म्हणून साहेब म्हणू शकला की पेल एलसारखं पेय नाही. लोकप्रिय गोष्टीत हॉजसनचं नाव आहे, तहानलेला शिपाई आहे, आबदार कुठे आहे? वसाहतवादाबद्दलचा माझ्या मैत्रिणीचा राग बरोबर आहे, फक्त तिने तो चुकीच्या गोष्टीवर उभा केलाय, खऱ्या गोष्टीत तिला कितीतरी भक्कम पुरावा मिळाला असता. सोजिरांचीच खरी अवस्था बघायची असेल तर नाशिकजवळची देवळाली घ्या, परतीच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने तिथल्या छावणीत पडलेल्या सैनिकांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत वेडसरपणासाठी ‘डूलाली’ हा शब्दच पडला. ही माणसं गोष्टीतल्या तहानलेल्या शिपायापेक्षा मला जास्त खरी वाटतात.

ह्यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, अरे गोष्टच आहे, कोणाचं काय नुकसान होतंय, चार घटका मजा येते ना. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण मीही ती गोष्ट वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत आलोय आणि ऐकताना त्यांचे डोळे चमकलेले बघितलेत. पण अशा गोष्टी एकट्या येत नाहीत, आणि सगळ्यांचा साचा एकच. पोर्टर म्हणे १७२२ मधे राल्फ हारवूड नावाच्या ब्रुअरने शोधली, आणि ‘पोर्टर’ हे बिअरचं नाव तर १७२१ मधेच छापलेलं सापडतं, हारवूडची कथा लोकप्रिय झाली ती १८०२ च्या लंडनच्या एका मार्गदर्शक पुस्तकातून, म्हणजे ऐंशी वर्षांनी. इंग्लंडमधल्या लोकांना आयपीएची चव लागली म्हणे १८२७ मधे लिव्हरपूलजवळ जहाज फुटलं आणि वाचलेली पिंपं लिलावात निघाली म्हणून, ती कथा येते १८६९ च्या पुस्तकात. आपल्याकडचं घ्या, कसौलीची ब्रुअरी एडवर्ड डायरने १८२० च्या दशकात काढली आणि ती आशियातली पहिली असं सर्रास छापतात. कसौलीची छावणीच वसली १८४२ मधे आणि हा डायर, जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप, जन्मला १८३१ मधे. जन्माच्या आधी ब्रुअरी कशी काढणार? एक हुशार माणूस, एक साल, एक अडचण, एक युक्ती. शेकडो लोकांचं हळूहळू साचलेलं काम ह्या साच्यात बसतच नाही, म्हणून ते बाहेर पडतं. नुकसान होतं ते हे.

आणि दुसरं नुकसान म्हणजे त्या गोष्टीची काठी होते. जर्मनीचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. बव्हेरियाच्या दोन ड्यूकांनी इंगोलश्टाटमधे जाहीर केलेल्या त्या फर्मानाचा बराचसा मजकूर बिअर किती किंमतीला विकायची ह्याबद्दल आहे, आणि बार्ली, हॉप्स आणि पाणी ह्याशिवाय काही घालू नका ह्यामागे गहू आणि राय ही धान्यं पाववाल्यांसाठी राखणं हे एक मोठं कारण होतं. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं नाव त्यात नाहीच. ‘राइनहाइट्सगेबोट’ ह्या ज्या जर्मन शब्दाने तो आज जगभर ओळखला जातो तो शब्दही १९१८ सालचा, बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेतला. आता पुण्या-मुंबईत सगळ्यात जास्त खपणारी क्राफ्ट बिअर म्हणजे गव्हाची, आणि मी स्वतः एका ठिकाणी वेटरला अभिमानाने सांगताना ऐकलंय की आमची हेफेवाइझन (गव्हाची जर्मन बिअर) १५१६ च्या कायद्याप्रमाणे आहे. त्या कायद्याप्रमाणे ती बनवणं गुन्हा होता! पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क एका सरदार घराण्याला मिळाला, १६०२ मधे ते घराणं निर्वंश झालं आणि तो किफायतीचा धंदा थेट राजघराण्याने आपल्याकडे घेतला. शुद्धता सगळ्यांना, सवलत राजाला. आणि हाच कायदा पुढे करून जर्मनीने परदेशी बिअर अनेक वर्षं रोखली, १९८७ मधे युरोपच्या न्यायालयाने ते चूक ठरवलं. परंपरेच्या बुरख्याआड बाजारपेठ राखणं चालू होतं, ह्याहून स्पष्ट दाखला काय हवा?

पबांचंही तेच. नॉटिंगहॅममधला एक पब भिंतीवर ११८९ लिहितो, त्याची आजची इमारत सतराव्या शतकातली. त्याच गावात आणखी दोन पब सगळ्यात जुने आपणच म्हणून दावा करतात. पाटीवर ‘ये ओल्ड’ लिहिलेलं असतं, त्यातलं ‘ये’ असं कोणी बोलतच नव्हतं, ‘थ’चा उच्चार दाखवणारं जुनं अक्षर होतं ते छापताना वाय सारखं दिसायला लागलं, एवढंच. आणि जगातल्या कुठल्याही शहरात दिसणारा तो जुनाट लाकडाचा आयरिश पब, त्यातले बरेच डब्लिनच्या एका कंपनीने १९९० पासून गिनेसच्या साथीने आखून दिलेत, व्हिक्टोरियन हवा की खेड्यातलं घर हवं ते निवडायचं, सामान कंटेनरमधे भरून येतं. त्यात बसून कोणाला घरच्यासारखं वाटत असेल तर ते वाटणं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्याच्या जोरावर तुम्ही शेजारच्या इराण्याच्या संगमरवरी टेबलाला कमी लेखू नका.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. एक जाणता माणूस मला म्हणाला, अरे परंपरेचा आग्रह धरला म्हणूनच इंग्लंडमधली पिंपातली बिअर वाचली. बरोबर आहे. १९७१ मधे चार जणांनी कॅमरा ही ग्राहकांची संघटना काढली, मोठ्या कंपन्या सगळीकडे गाळलेली, गॅस भरलेली, केगमधली म्हणजे धातूच्या बंद पिंपातली बिअर लादत होत्या, आणि ह्या लोकांनी नुसत्या ग्राहकांच्या जोरावर कंपन्यांना माघार घ्यायला लावली. माझ्या दृष्टीने ग्राहक चळवळीचं हे फार मोठं यश आहे. पण ते कशाने मिळालं? त्यांनी नेमकी व्याख्या केली. ज्या भांड्यातून वाढायची त्याच भांड्यात दुसऱ्यांदा आंबलेली आणि बाहेरून गॅस न देता काढलेली बिअर ती ‘रिअल एल’. कोणीही पिंप बघून तपासू शकेल अशी गोष्ट. ‘रिअल एल’ हा शब्दच मुळात सत्तरच्या दशकातला, त्यांनी तो बाराव्या शतकातून आणला नाही. व्याख्या असली की वाद घालता येतो, मोजता येतं, बदलताही येतं. दंतकथेसमोर तुम्ही फक्त मान डोलावू शकता किंवा बाहेर पडू शकता. म्हणून नावं नकोत, प्रकार नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही, गिऱ्हाइकाला ग्लासात काय येणार हे कळायलाच हवं. आणि आयपीए हे नाव तरी कुठे एका जागी थांबलं? विसाव्या शतकात इंग्लंडमधे युद्धं, कर ह्यांनी ते हलकं होत होत चार टक्क्यांच्या खाली आलं. अमेरिकेत १९७२ मधे कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, त्या वासावर तिथल्या ब्रुअर्सनी नवाच आयपीए उभा केला, आणि माझा मित्र ज्याला ‘खरा’ म्हणतो तो संत्र्या-मोसंबीच्या वासाचा कडू आयपीए ह्या अमेरिकन वंशातला आहे. हॉजसनच्या पिंपात तो वास शक्यच नव्हता. कॅस्केडला परवानगी आहे तर कोकमाला का नाही?

आपल्या घरात बघा ना. एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथला, मिरचीही अमेरिका खंडातलीच, सगळं पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आलेलं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या वारकऱ्याला ही थाळी ओळखू आली नसती. म्हणून ती आपली नाही का? आईच्या हातची ती खिचडी, तुपात जिऱ्याची फोडणी, लिंबू पिळून, त्याहून आपलं काय आहे? परंपरा म्हणजे ज्याची सवय आपल्याला प्रेमाने लागली ते, तिला जन्मदाखल्याची गरज नाही, आणि म्हणूनच खोटा जन्मदाखला जोडायचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. आयपीएला आपण इतिहास देतो, जहाज देतो, नायक देतो. ज्या सरकारच्या साहेबांच्या टेबलावर ती पेल एल यायची त्याच सरकारने १८७८ मधे मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आणला, ताडी-माडीच्या झाडांवर कर बसवले, गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे वळवली, आणि १८९२ मधे तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं जवळ ठेवण्यावर बंधनं घालणारा वेगळा कायदा केला. मोहाची फुलं आदिवासी घरात खाण्यासाठीसुद्धा लागतात. त्या फुलांच्या दारूला आजही आपण नाक मुरडून हातभट्टी म्हणतो, तिच्या नावाने मेन्यूवर चित्र काढत नाही, गोव्याने निदान फेणीला २००९ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. कुठल्या पेयाला ‘वारसा’ म्हणायचं आणि कुठल्याला ‘गुन्हा’ हे ठरवताना आपण अजूनही कोणाच्या डोळ्यांनी बघतोय? खऱ्या-खोट्या आयपीएवर तासभर भांडणाऱ्या आमच्या टेबलावर हा प्रश्न एकदाही आला नाही, आणि मलाही तो घरी येताना रिक्षात सुचला ह्याचं वाईट वाटतं.

परवा परत त्याच टॅपरूममधे गेलो होतो, एकटाच. ब्रुअर पोरगा मोकळा होता म्हणून त्याला हे सगळं सांगितलं, हॉजसनची उधारी, रशियाची जकात, सोऱ्याचं पाणी. तो शांतपणे ऐकत होता, आबदाराचं ऐकून मात्र म्हणाला, सर, खरंच असं गार व्हायचं? मग त्याने फोनवर बघितलं, सोरा विरघळताना उष्णता किती शोषतो ते, आणि खूष झाला. त्यांच्याकडे काउंटरमागे काळा फळा आहे, त्यावर खडूने शिडाचं जहाज काढलेलं असतं आणि खाली कोकम आयपीए. त्याने खाली टक्केवारी लिहिली, हॉप्सची नावं लिहिली, कोकम कुठून आणलं ते गाव लिहिलं आणि बॅच कुठल्या तारखेची तेही. जहाज त्याने पुसलं नाही. त्याच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे त्याने एक माणूस काढला, उकिडवा बसलेला, समोर बादली, हातात बाटली.